नदीचा सातबारा

२१ फेब्रुवारी २०००. ‘एन्डेव्हर’ हे अंतराळयान २३३ किलोमीटर उंचीवरून पृथ्वीभोवती फिरत होतं आणि त्याच्या उघड्या पोटातून बाहेर काढलेली ६० मीटर लांबीची डोलकाठी मिटायची वेळ झाली होती. अवकाशात तोवर इतकी लांब ताठ रचना कुणी उलगडली नव्हती. ८७ चौकटी एकीवर एक दुमडून जेमतेम तीन मीटरांच्या नळकांड्यात बसवलेल्या, आणि टोकाला रडारचा अँटेना. बाहेर येताना ती सुरळीत आली होती. आत जाताना मात्र शेवटी शेवटी अडली. नळकांड्याचे खटके बसेनात. दहा दिवस अवकाशाच्या गारठ्यात राहून काठीबरोबरच्या केबली ताठरल्या असाव्यात, असा अंदाज होता. काठी आत गेली नाही तर यानाची दारं मिटणार नाहीत, आणि दारं उघडी ठेवून पृथ्वीच्या वातावरणात शिरता येत नाही. मग काठी कापून अवकाशात सोडून देण्याखेरीज इलाज उरला नसता. मोटरांचा पूर्ण जोर लावून पुन्हा पुन्हा प्रयत्न झाले आणि अखेर खटके बसले. दुसऱ्या दिवशी यान फ्लोरिडात उतरलं.

यानात सहा माणसं होती: केविन क्रेगल, डॉमिनिक गोरी, जॅनेट कवांडी, जॅनिस व्हॉस, जर्मनीचे गेरहार्ड थीले आणि जपानचे मामोरू मोहरी. त्यांच्याबरोबर तीनशेहून जास्त टेपा होत्या. त्या टेपांवर जमिनीवर आपटून परतलेल्या रडारलाटांची नोंद होती. उत्तरेला ६० अंशांपासून दक्षिणेला ५६ अंशांपर्यंत, म्हणजे पृथ्वीच्या सुमारे ८० टक्के जमिनीची उंची त्या नोंदीत दडलेली होती.

पुराचे नकाशे पुराकडे पाहून काढत असतील, असं मला बरीच वर्षं वाटायचं. पूर आला, पाणी कुठवर चढलं ते टिपलं, रेषा ओढली. तसेही नकाशे निघतात. पण जगातल्या सगळ्या नद्यांची पूरमैदानं एका नकाशावर रंगवलेली मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा कळलं, की ती रंगवणाऱ्यांनी पाण्याचा एक थेंबही पाहिलेला नव्हता. त्यांच्यापुढे फक्त उंचीचे आकडे होते. जमिनीच्या चढउतारावरून नदीची हद्द ओळखायची ही विद्या कशी घडत गेली, त्याची ही हकीकत.

शाळेच्या भूगोलात पूरमैदानाची आकृती आपण सगळ्यांनीच काढली आहे. नागमोडी वळणं, नालाकृती सरोवर, दोन्ही काठांना पूरतट. आकृती पाठ होते, पण त्यामागची गोष्ट मनात उतरत नाही. ती सपाट जमीन नदीने स्वतः घातलेली असते. दर मोठ्या पुराला पाणी काठ ओलांडतं, पसरलं की मंदावतं, आणि मंदावलं की आणलेला गाळ टाकून देतं. हजारो वर्षं हेच चालतं. नदी वळण बदलते, जुनं पात्र सोडते, तेही गाळाने भरून येतं. कृष्णाकाठचा शेतकरी त्या जमिनीला मळी म्हणतो आणि मळीतल्या वांग्याची चव वेगळी असते हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही. मळी म्हणजे नदीची वहिवाट. सातबाऱ्यावर नाव शेतकऱ्याचं असतं, पण कब्जा अधूनमधून नदी घेते.

ही वहिवाट कागदावर उतरवण्याचा सर्वांत देखणा प्रयत्न मिसिसिपी नदीवर झाला. १९२७ साली त्या नदीने बांध फोडून सुमारे ७० हजार चौरस किलोमीटर मुलूख बुडवला. लाखो माणसं बेघर झाली. बांध उंच केले की नदी ताब्यात राहते, या समजावर तिथल्या लष्करी अभियंत्यांनी अनेक दशकं काम केलेलं होतं आणि तो समज त्या एका वसंतात वाहून गेला. त्यानंतर नदीचा स्वभाव मुळापासून तपासायचं ठरलं. हॅरॉल्ड फिस्क या भूशास्त्रज्ञाने विमानातून घेतलेली छायाचित्रं आणि हजारो विंधनछिद्रांतून निघालेली माती एकत्र मांडून १९४४ साली आपला अहवाल दिला. त्यातल्या नकाशांत मिसिसिपीने सोडलेलं प्रत्येक जुनं पात्र वेगळ्या रंगात आहे. केशरी, हिरवी, गुलाबी वेटोळी एकमेकांवरून गेलेली. दोऱ्याची गुंडी सुटून खोलीभर पसरावी तशी ती नदी शंभरेक किलोमीटरच्या पट्ट्यात लोळत आलेली आहे. आज आहे ते पात्र म्हणजे तिचा फक्त सध्याचा पत्ता.

त्याच सुमारास गिल्बर्ट व्हाइट हा तरुण भूगोलतज्ज्ञ शिकागो विद्यापीठात प्रबंध लिहीत होता. पूर निसर्गाचा, पण नुकसान बहुतांशी माणसाने नदीच्या जागेत जाऊन बसल्यामुळे होतं, असं त्याने १९४५ साली छापलेल्या त्या प्रबंधात मांडलं. धरणं आणि बांध यांच्यापलीकडे जाऊन वस्ती कुठे करायची याचा विचार करा, हा त्याचा आग्रह होता. पुढे १९६८ साली अमेरिकेत पूरविम्याचा कायदा झाला आणि विम्यासाठी नकाशे लागले. हे नकाशे नदीगणिक निघत. माणसं पात्रात उतरत, ठरावीक अंतरावर छेद मोजत, शंभर वर्षांतून एकदा येण्याजोगा पूर धरून पाणी कुठवर चढेल याचं गणित करत. काम चोख, पण खर्चिक आणि संथ. श्रीमंत देशालाही ते पुरं करताना दम लागला. काँगो, इरावती किंवा ब्रह्मपुत्रेच्या शेकडो उपनद्यांसाठी ते कोण करणार होतं?

आपल्याकडची परिस्थिती आठवून पाहावी. सर्व्हे ऑफ इंडियाच्या टोपोशीट हाच उंचीचा आधार. समुद्रकिनाऱ्याजवळच्या आणि सरहद्दीजवळच्या कित्येक शीट प्रतिबंधित. कोल्हापूर, सांगली, मिरज, इचलकरंजी हा सगळा भाग ‘४७ एल’ या चौकोनात येतो. १६ ते १७ अक्षांश, ७४ ते ७५ रेखांश. त्यातल्या पन्नास हजारी शीटवर दर २० मीटर उंचीला एक समोच्च रेषा असते. पन्हाळ्याच्या बाजूला या रेषा एकमेकींना खेटून येतात, पाहताच चढ डोळ्यांत भरतो. पंचगंगेच्या काठाला मात्र कागद जवळजवळ रिकामा. दोन रेषांच्या मधल्या मोकळ्या जागेत गावंच्या गावं बसतात. पाणी चार फूट चढलं तर त्यातलं कोणतं गाव आधी बुडेल, याचं उत्तर त्या कागदात नाही.

दरम्यान दुसरीकडे एक साधी युक्ती तयार झाली होती. ठिपक्यांची रांगोळी डोळ्यांपुढे आणा. ठिपके काढलेत, रेषा अजून ओढायच्या आहेत. आता प्रत्येक ठिपक्याशेजारी त्या जागेची उंची लिहा. एका ठिपक्यावर पाणी ओतलं तर ते कुठे जाईल? भोवतालच्या आठ ठिपक्यांपैकी ज्याच्याकडे सर्वांत तीव्र उतार असेल, तिकडे. तिकडे बाण काढायचा. असं सगळ्या ठिपक्यांचं झालं, की प्रत्येक ठिपक्यात वरचे किती ठिपके येऊन सांडतात ते मोजायचं. शेकड्यात असतील तर ओहोळ, हजारांत असतील तर ओढा, लाखांत असतील तर नदी. ओ’कॅलहॅन आणि डेव्हिड मार्क यांनी १९८४ साली ही रीत संगणकासाठी मांडली. नदी कुठे आहे हे यंत्राला सांगावं लागत नाही, उंचीच ती शोधून देते.

रीत होती, ठिपके नव्हते. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने १९९६ साली निरनिराळ्या देशांचे नकाशे जोडून सगळ्या जगाचा एक उंचीसंच तयार केला. त्यातले ठिपके साधारण एक किलोमीटर अंतरावर होते. एक किलोमीटरच्या चौकोनात आख्खं गाव, गावची नदी आणि नदीपलीकडचा माळ, सगळ्यांना मिळून एकच आकडा. शिवाय ज्या देशाचे नकाशे ओबडधोबड, तिथले आकडेही ओबडधोबड. नद्यांचं गणित करायला बसलेल्यांना एकाच हाताने, एकाच वेळी, सगळीकडे सारखं मोजलेलं काहीतरी हवं होतं. त्यासाठीच ती डोलकाठी.

रडारची सामग्री नवी नव्हती. १९९४ साली ‘एन्डेव्हर’वरूनच ती दोनदा उडाली होती. नवा होता तो ६० मीटर दूर धरलेला दुसरा अँटेना. यानातून रडारची लाट खाली सोडायची आणि परतलेली लाट दोन्ही अँटेनांनी झेलायची. दोघांपर्यंत यायला तिला किंचित वेगळं अंतर कापावं लागतं. मुख्य रडारची लाट ५.६ सेंटीमीटर लांबीची, आणि फरक मोजायचा तो लाटेच्या एका अंशाचा. त्या फरकातून खालच्या ठिकाणाची उंची निघते. दोन डोळ्यांमुळे आपल्याला खोली कळते, तसंच हे. ढग असोत, रात्र असो, रडारला अडचण नाही. जिथे वर्षभर ढग हटत नाहीत अशा खोऱ्यांची उंची पहिल्यांदाच सलग मोजली जात होती.

अडचण आली ती काठीच्या टोकाशी. टोकावरचं वजन पृथ्वीच्या ओढीने यानाला फिरवू पाहत होतं आणि त्याला विरोध करण्यासाठी टोकाशी नायट्रोजनची एक बारीक फुंकणी बसवलेली होती. ती नीट चालेना. मग काठी जागच्या जागी राखण्यासाठी यानालाच आपलं इंधन जाळावं लागलं. मोहीम आटोपती घ्यावी लागते की काय अशी वेळ आली. सगळीकडून इंधन वाचवून ती पुरवली गेली. अंतराळवीर दोन पाळ्यांत, रात्रंदिवस टेपा बदलत राहिले. एकूण २२२ तास रडार चालू होतं. मानवाने पृथ्वीच्या जमिनीची उंची एकाच मापाने एका दमात मोजली ती या सव्वानऊ दिवसांत. इतिहासाच्या पुस्तकांत चंद्रावरच्या पावलाला जागा मिळते. या मोहिमेला तिच्या योग्यतेची जागा अजून मिळालेली नाही, असं मला मनापासून वाटतं.

टेपांतून आकडे काढायला काही वर्षं गेली. अमेरिकेचे ३० मीटरचे ठिपके आधी खुले झाले. उरलेल्या जगाला २००३ पासून ९० मीटरचे मिळाले. मोहिमेत अमेरिकेच्या लष्करी नकाशासंस्थेचा वाटा होता, त्यामुळे बारीक आकडे हातचे राखले गेले. सप्टेंबर २०१४ मध्ये तेही टप्प्याटप्प्याने खुले करायचं जाहीर झालं. एकेका अंशाचा एकेक चौकोन, आणि चौकोनाला त्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्याचं नाव. कोल्हापूरचा चौकोन ‘एन१६ई०७४’. म्हणजे तेच ते ४७ एल. ज्या भागाची शीट मिळवायला आपल्याकडे अर्जविनंत्या कराव्या लागत, तोच भाग घरबसल्या, फुकट. आपल्या देशाने नकाशांवरची बंधनं खऱ्या अर्थाने सैल केली ती फेब्रुवारी २०२१ मध्ये.

तो चौकोन मी उघडून पाहिला आहे. ९० मीटरच्या आवृत्तीत १२०१ ओळी, प्रत्येक ओळीत १२०१ आकडे, म्हणजे एकूण १४ लाख ४२ हजार ४०१. प्रत्येक आकडा समुद्रसपाटीपासूनची उंची, पूर्ण मीटरमध्ये. अपूर्णांक नाही. याच आकड्यांत कृष्णा आहे, हरिपूरला तिला मिळणारी वारणा आहे, नृसिंहवाडीला मिळणारी पंचगंगा आहे, दूधगंगा, वेदगंगा, हिरण्यकेशी आहेत. नद्यांची नावं कुठेही लिहिलेली नाहीत. आठ शेजाऱ्यांची रीत लावली की त्या एकेक करून उमटत जातात.

आता राजाराम बंधाऱ्यावर या. पंचगंगेची पाणीपातळी तिथे फूट-इंचांत वाचतात आणि पावसाळ्यात सगळा कोल्हापूर जिल्हा त्या आकड्यावर जगतो. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. समुद्रसपाटीच्या हिशेबात हे साधारण ५४२ आणि ५४३ मीटर. इशारा आणि धोका यांच्यातलं सगळं अंतर, जनावरं सोडायची, धान्य माळ्यावर टाकायचं, म्हाताऱ्यांना पाहुण्यांकडे पोचवायचं ही सगळी धावपळ, अवकाशातून आलेल्या आकड्यांत फक्त एका अंकाने पुढे सरकते. आणि तो अंकही खात्रीचा नाही. १६ मीटरपर्यंतची चूक चालेल अशी मोहिमेची अट होती. प्रत्यक्षात काम कितीतरी सरस झालं, तरी सहा ते नऊ मीटरची चूक राहिली. डोंगरात सहा मीटर म्हणजे काहीच नाही. मळीत सहा मीटर म्हणजे गाव कोरडं की बुडालेलं, एवढा फरक.

चुकीची कारणंही समजून घेण्याजोगी आहेत. रडारची लाट दाट झाडीत जमिनीपर्यंत पोचत नाही, वरच्या पानांच्या आसपासूनच परतते. त्यामुळे रानाची उंची जमिनीच्या उंचीत मिसळून जाते. मोहीम फेब्रुवारीत झाली, म्हणजे आपल्याकडे ऐन गळीत हंगाम. तोडणी झालेल्या रानावरून परतलेली लाट आणि शेजारच्या उभ्या फडावरून परतलेली लाट यांत फरक पडलाच असणार. पूल रडारला बांधासारखा दिसतो. त्या आकड्यांवर पाणी सोडलं तर ते पुलाशी येऊन थटतं. एखादा ठिपका उगाच खाली गेला तर तिथे खोटा खळगा पडतो आणि नदी त्यातच संपते. लोणारसारखा खराखुरा बिनवाटेचा खळगा विरळाच, पण आकड्यांत असे खळगे पायलीला पन्नास. ते काठोकाठ भरून पाणी पुढे सांडवायचं, पूल कापायचे, नदीची वाट मोकळी करायची, हे किचकट काम बर्नहार्ड लेहनर यांनी वर्ल्ड वाइल्डलाइफ फंडात असताना सहकाऱ्यांसह जगभराच्या नद्यांसाठी केलं. २००८ च्या सुमारास त्यांचं ‘हायड्रोशेड्स’ सगळ्यांच्या हाती आलं आणि नद्यांचं जाळं पहिल्यांदा विश्वासाने वापरता येऊ लागलं.

याच काळातली अ‍ॅमेझॉनच्या जंगलातली एक कल्पना मला या सगळ्या हकिकतीचं काळीज वाटते. मनाउसजवळच्या जंगलात ब्राझीलच्या अंतराळसंस्थेतले रेन्नो, नोब्रे आणि त्यांचे सहकारी कुठली जमीन पाणथळ आणि कुठली कोरडी हे आकड्यांवरून ओळखू पाहत होते. समुद्रसपाटीपासूनच्या उंचीवरून काहीच कळेना. शंभर मीटरवरचा एक ठिपका ओला, ऐंशीवरचा दुसरा कोरडा. मग त्यांनी शून्यच हलवला. प्रत्येक ठिपक्याचं पाणी ज्या ओढ्याला जाऊन मिळतं, त्या ओढ्याची उंची शून्य धरायची आणि ठिपका त्याच्यापेक्षा किती वर आहे ते लिहायचं. २००८ साली ही रीत प्रसिद्ध झाली. एका झटक्यात नकाशा बोलू लागला. ओढ्यापासून थोड्याच उंचीवरच्या जागा चिखलाच्या, त्याहून वरच्या उताराच्या, त्याहून वरच्या माळाच्या.

नदीकाठच्या माणसाला यात नवल वाटणार नाही. आपलं घर समुद्रापासून किती उंच आहे हे कोल्हापुरात कुणी सांगू शकणार नाही. नदीपासून किती वर आहे, २००५ च्या पुरात पाणी कितव्या पायरीला आलं होतं, हे लहान पोरही सांगेल. नृसिंहवाडीला कृष्णेचं पाणी चढत जाऊन देवळाच्या उत्तरेकडच्या दाराने आत शिरतं, दत्ताच्या पादुकांवरून वाहतं आणि दक्षिणेकडच्या दाराने बाहेर पडतं, तेव्हा दक्षिणद्वार सोहळा होतो आणि त्या पाण्यात स्नानाला भाविकांची रीघ लागते. देवळाची दोन दारंच तिथे पूरमापक पट्टी झाली आहेत. राजाराम बंधाऱ्याच्या पट्टीवरचं शून्यही पंचगंगेतच आहे. मोजायचं ते नदीपासून, ही समज संगणकाच्या नकाशात यायला २००८ उजाडावं लागलं.

झाडांचा प्रश्न उरलाच होता. २००३ साली ‘आइससॅट’ हा उपग्रह गेला, त्यावर लेसर होता. लेसरची तिरीप फांद्यांच्या फटींतून जमिनीपर्यंत पोचू शकते. ठिपका ठिपका करून का होईना, खरी जमीन कळू लागली. जपानचे दाई यामाझाकी यांनी ही मोजमापं आणि जंगलाच्या उंचीचे नकाशे घेऊन २००० सालच्या आकड्यांतून झाडं वजा केली, पट्टेरी खोट काढली, खरखर काढली. २०१७ साली त्यांनी आपला उंचीसंच खुला केला. चूक दोन मीटरच्या आत असलेली जमीन ३९ टक्क्यांवरून ५८ टक्क्यांवर आली. आकडा रुक्ष आहे, पण ही सुधारणा सर्वांत जास्त झाली ती सपाट प्रदेशात. पूर्वी जिथे नुसती खरखर दिसत होती, तिथे जुन्या पात्रांची वळणं उमटू लागली. फिस्कने माती उकरून जे शोधलं होतं, त्याची फिकट सावली आता अवकाशातून दिसत होती.

आणि मग तो जगाचा नकाशा. इटलीचे फर्नांडो नार्दी २००६ पासून एका प्रश्नामागे होते: फक्त उंचीवरून पूरमैदानाची कड सापडेल का? त्यांच्या हाताशी जुनी विद्या होती. लिओपोल्ड आणि मॅडॉक यांनी १९५३ साली दाखवून दिलं होतं की नदीची रुंदी, खोली आणि वेग तिच्या पाण्याबरोबर एका ठरावीक नियमाने वाढतात. इलिनॉयच्या नद्यांवर काम करणाऱ्या नानी भौमिक यांनी १९८४ साली तसाच हिशेब पूरमैदानांचा मांडला होता. पाणलोट जितका मोठा, तितकी पुराची खोली जास्त, पण दुप्पट पाणलोटाला दुप्पट खोली नव्हे. वाढ हळूहळू मंदावत जाते. नार्दी आणि सहकाऱ्यांनी हाच नियम ठिपक्यांना लावला. नदीच्या प्रत्येक ठिपक्याला वरचा पाणलोट किती ते माहीत आहे, त्यावरून पुराची खोली काढायची, आणि त्या नदीला मिळणारे जे ठिपके त्या पातळीच्या खाली आहेत ते रंगवायचे. पावसाचा आकडा नाही, धरणाचा विसर्ग नाही, पात्राचा छेद नाही. जानेवारी २०१९ मध्ये २५० मीटरच्या ठिपक्यांचा त्यांचा जागतिक नकाशा ‘सायंटिफिक डेटा’ या नियतकालिकात आला. मोजपट्टी कधीही न लागलेल्या नद्यांनाही त्यात हद्द मिळाली.

या नकाशाकडून काय मागू नये हेही सांगायला हवं. पूर कधी येईल हे तो सांगत नाही. बांध, रस्ते, धरणं तो ओळखत नाही. २५० मीटरच्या एका ठिपक्यात आख्खी पेठ बसते, त्यामुळे अमुक घर आत की बाहेर हे त्याला विचारण्यात अर्थ नाही. तो सांगतो ते इतकंच, की ही जमीन नदीने घातलेली आहे.

२०१९ च्याच ऑगस्टमध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५५ फूट ७ इंचांवर गेली. धोक्याच्या वर साडेबारा फूट. पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला आणि दिवसचे दिवस बंद राहिला. चिखली-आंबेवाडी आणि शिरोळ तालुक्यातली गावंच्या गावं उठवावी लागली. दोनच वर्षांनी, २०२१ साली, पुन्हा तेच. आपल्याकडे पाटबंधारे खात्याच्या निळ्या आणि लाल पूररेषा आहेत. निळी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. ‘शंभर वर्षांतून एकदा’ हे शब्द लोकांना फसवतात. त्यांचा अर्थ दर वर्षी एक टक्का शक्यता, एवढाच. वीस वर्षांच्या गृहकर्जाची मुदत संपेपर्यंत तो पूर येण्याची शक्यता १८ टक्के होते. लाल रेषेआतलं घर घेणाऱ्याला हा १८ चा आकडा सांगितला पाहिजे, १०० चा नव्हे.

जागतिक नकाशाचा पुढचा उपयोग झाला तो नदीची जागा किती गेली हे मोजायला. अमेरिकेतले अदनान राजीब आणि सहकाऱ्यांनी नार्दींच्या पूरमैदानांवर १९९२ ते २०१९ या काळातले जमीनवापराचे उपग्रहनकाशे ठेवले. त्यांचा निष्कर्ष २०२३ साली आला: २७ वर्षांत जगातल्या सुमारे ६ लाख चौरस किलोमीटर पूरमैदानाचं नैसर्गिक रूप पालटलं. महाराष्ट्राच्या जवळजवळ दुप्पट क्षेत्र. जंगल आणि पाणथळ जाऊन तिथे शेती आली किंवा वस्ती आली.

इथे माझं त्यांच्याहून थोडं वेगळं म्हणणं आहे. शेती आणि वस्ती एका रकान्यात घालता येत नाहीत. मळीतली शेती पुराला धरूनच उभी आहे. पाणी आलं, पीक गेलं, गाळ राहिला, पुढचं पीक त्या गाळावर. धरणांच्या आणि नद्यांच्या उघड्या पडलेल्या जमिनीवर गाळपेर करणारा शेतकरी नदीची वहिवाट मान्य करूनच नांगर घालतो. भराव टाकणाऱ्याचं तसं नाही. तो जमिनीची उंचीच बदलतो. चार-पाच मीटर मुरूम-माती ओतली की ती जागा पुराच्या वर जाते आणि तिच्या वाट्याचं पाणी शेजारच्या गावात, पलीकडच्या काठावर जाऊन उभं राहतं.

उंची बदलली की ती आकड्यांतही बदलते. २०१० ते २०१५ या वर्षांत जर्मनीच्या जोडउपग्रहांनी पृथ्वीची उंची पुन्हा मोजली. दोन उपग्रह शेजारी शेजारी उडत होते, डोलकाठीची गरजच उरली नव्हती. ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी त्यातून झाडं आणि इमारती वजा करून २०२२ साली ३० मीटरचा नवा उंचीसंच दिला. जुनी मोजणी फेब्रुवारी २००० च्या दहा दिवसांतली आहे, गळीत हंगामातली, महामार्ग रुंद व्हायच्या आधीची. एकाच ठिपक्याच्या दोन उंच्या आता हाती आहेत. ‘एन१६ई०७४’ या चौकोनातल्या कुठल्याही ठिपक्यावर बोट ठेवावं आणि नव्या आकड्यातून जुना वजा करावा. आकड्यांत काही मीटरांची चूक आहे हे धरूनही, जिथे रानात मोठा भराव पडला आहे तिथे बाकी उरते.